शेवटच्या दोन ओळी ज्याच्या त्याने

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "अक्का, तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा. लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." मी हो म्हटलं. दोन दिवस आठवत बसले, चार गमती सापडल्यासुद्धा. पण लिहायला घेतलं की हात दर वेळी एकाच सकाळपाशी येऊन अडतो आणि डोकं तापतं. संपादकांनी मला माफ करावं. गमती आधी उरकून टाकते. बाकीचा लेख रागाचा आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण सहा वर्षं ते करूनही मी माझ्या सख्ख्या नणंदेला ते समजावू शकले नव्हते. ती सगळ्यांना सांगायची, "वहिनी कॉम्प्युटरवर लोकांची भांडणं सोडवते." तसं फार चुकीचं नव्हतं. तुम्ही मोबाइलवर काहीतरी लिहिता, फोटो टाकता, व्हिडिओ टाकता. कुणीतरी त्याच्यावर तक्रार करतं, किंवा यंत्रालाच संशय येतो. मग ते मारतहळ्ळीतल्या एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, माझ्या पडद्यावर येऊन पडायचं. मी वाचायचं आणि तीनपैकी एक बटण दाबायचं: राहू द्या, काढा, वर पाठवा. विचार करायला वेळ किती? एक घोट चहा गिळायला लागतो तेवढा. मी घेतलेल्या निर्णयांतले काही निवडून दुसरा माणूस तपासायचा. त्याला तपासनीस म्हणायचं. तपासनिसाशी मत जुळलं नाही की आपली चूक. चुका वाढल्या की घरी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. तिथलं काही बाहेर सांगणार नाही, असा कागद सही करून दिलेला आहे. त्या कागदाचा पुढे संबंध येणार आहे.

माझ्याकडे मराठी आणि कानडी अशा दोन्ही रांगा होत्या. मी सीमाभागातली, त्यामुळे दोन्ही भाषा घरच्याच. इकडे कानडी मुलखात, यशवंतपूरला सून म्हणून आले त्याला तीस वर्षं झाली. या नोकरीच्या आधी औषधांच्या खोक्यांतली ती घडीची मराठी माहितीपत्रकं तपासायचं काम केलं. 'दिवसातून दोन' च्या जागी 'दिवसातून दहा' छापलं गेलं तर माणूस मरतो, या धास्तीनं मी वीस वर्षं वाचत आले. चुकीचा शब्द दिसला की माझा हात आपोआप दुरुस्तीला जातो. हा माझा गुण आहे असं मला वाटायचं.

आता गमती. सोलापूरकडचे एक आजोबा रोज सकाळी आपल्या म्हशीचा फोटो टाकायचे आणि रोज यंत्र तो अश्लील म्हणून अडवायचं. मी रोज 'राहू द्या' दाबायचे. पुढे त्या म्हशीला रेडकू झालं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेबलावर पेढे दिले. एका बाईंनी लाटणं घेऊन नवऱ्याच्या मागे धावतानाचा व्हिडिओ टाकला होता, त्यावर तक्रार नवऱ्याची होती. खाली तिनं लिहिलं होतं, 'वेळेत सापडले नाहीत.' ते मी वर पाठवलं, कारण मला एकटीला हसू आवरेना. वाईट गोष्टी पुष्कळ पाहिल्या, त्या इथे लिहीत नाही. त्यांच्यामुळे जेवण जायचं नाही असे दिवस कमी होते. पण एवढं खरं, की त्या काढून टाकताना मला माझ्या कामाचा अभिमान होता. घाण काढणारं कुणीतरी लागतं आणि ती मी नीट काढत होते.

आमच्या गटात मी सगळ्यात वयस्कर. बाकी पोरं पुण्याची, नागपूरची, सर्जापूर रोडला फ्लॅट करून राहणारी. गटप्रमुख तन्मय पुण्याचा, माझ्या मुलाच्या वयाचा. ऑफिसात इथल्या चालीप्रमाणे सगळे मला अक्का म्हणायचे, तोही म्हणायचा. स्वभावानं चांगला मुलगा. वाढदिवसाला केक आणायचा, कुणी रडलं तर बाहेर फिरवून आणायचा. वरून आलेल्या मेलला 'का' असं विचारताना मात्र मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

आता कवितेकडे येते.

माझ्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांना पुरेसा त्रास झालेला आहे. तंबाखूची शेतं, एक तळं आणि चौथीपर्यंतची मराठी शाळा. शाळेत एकच गुरुजी. आम्ही तिसरीत असताना वरून एक स्तुतिगीत आलं होतं. कुणाची स्तुती ते सोडून द्या, अशी गीतं येत असतात. ते रोज प्रार्थनेनंतर म्हणायचं, काना-मात्रा न चुकता, साहेब कधीही तपासायला येतील. गुरुजींनी आमच्याकडून ते चोख पाठ करून घेतलं. आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः एक कविता केली, 'हजेरी' नावाची. म्हणाले, "ते गीत जसंच्या तसं म्हणायचं. ही कविता जशीच्या तशी म्हटली तर शून्य मार्क."

कविता अशी होती:

पाटीवरची नावं सगळी मोठ्यानं मी वाचेन,
जो आज आला नाही त्याच्यासाठी हजर मी म्हणेन.

ज्याला तापानं अडवलं, ज्याला ओढ्याच्या पाण्यानं,
जिला घरात ठेवलं धाकट्या भावाच्या पाळण्यानं,
त्यांची जागा पुसून मी रोज मोकळी ठेवेन,
त्यांचं नाव पुकारलं की हजर मी म्हणेन.

कोण बोललं विचारलं तर नाव माझं सांगेन,
पुन्हा विचारलं तर पुन्हा हजर मी म्हणेन.

आणि यानंतर दोन ओळी ज्याच्या त्याने करायच्या. हा गुरुजींचा नियम. आपल्याला कोण दिसत नाही, कुणाची जागा रिकामी आहे, हे आपलं आपण शोधायचं आणि दोन ओळींत बसवायचं. शेवट 'हजर मी म्हणेन' असा हवा, बाकी काही बंधन नाही. गुरुजी ना शब्द सुचवायचे, ना विषय. दुसऱ्याच्या ओळी म्हटल्या तर चालायचं नाही.

माझ्या बाकावर मंगल बसायची. तिनं तिसऱ्याच दिवशी उभं राहून म्हटलं होतं:

आईचं नाव पटावर नाही, मीच आता लिहेन,
तिच्या वाटची पाटी घेऊन हजर मी म्हणेन.

गुरुजींनी त्या मान्य केल्या. मला काही सुचेना. मी आठवडाभर प्रयत्न केला आणि शेवटी मंगलच्याच ओळींत 'आई'च्या जागी 'आजी' घालून म्हटल्या. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "शकुंतला, ह्या मंगलच्या आहेत. तुझ्या येतील तेव्हा ये." शाळा सुटली, लग्न झालं, गुरुजी गेले. माझ्या काही आल्या नाहीत. पण बाकीची कविता मला काना-मात्रेसकट पाठ होती. बसमध्ये, भाजी निवडताना, औषधांची पत्रकं तपासताना ती मनात चालू असायची. ऑफिसात मला कुणी सांगितलं की अमुक असंच असतं, तर मी विचारायचे, इथे गैरहजर कोण आहे? ती सवय त्या कवितेनं लावली होती. निदान मी तरी तसं समजत होते.

गेल्या वर्षी आमच्या गावचं तळं कारखान्याला दिलं. विरोध करायला माणसं तळ्याकाठी बसली. त्यातल्या तिघांना एका दुपारी गाडीत घालून नेलं. कुठे नेलं, का नेलं, आठ दिवस घरच्यांना कुणी सांगितलं नाही. चौकीत विचारायला गेलेल्या बायकांना "इथे कुणी नाही" म्हणून परत पाठवलं. आणि मग माझ्या पडद्यावर गुरुजींची कविता आली.

पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. चाळीस वर्षांनी, आणि तीही मारतहळ्ळीत! कुठल्या तरी अनोळखी मुलानं टाकली होती, अर्धी चुकीची. 'पाळण्यानं'च्या जागी 'सांभाळण्यानं', मधलं कडवं गायब. पण शेवटी त्याच्या स्वतःच्या दोन ओळी होत्या. मग ती रोज येऊ लागली. कोल्हापुरातून, पुण्यातून, कुणी कानडीत भाषांतर करून. गावोगाव लोक चौकात उभे राहून हजेरी घेत होते आणि प्रत्येक जण शेवटी आपल्या दोन ओळी घालत होता. कुणाचा बेपत्ता भाऊ, कुणाची बंद पडलेली शाळा, एकीनं तर आपल्या पाडलेल्या झाडासाठी हजेरी लावली होती. तक्रारींचा पाऊस पडत होता. मी एकेक 'राहू द्या' करत होते. त्यात काढण्यासारखं काही नव्हतंच.

मग वरून सरकारी आदेश आला. कविता अशांतता पसरवते, सगळीकडून काढा. सोबत पुरावा म्हणून फोटोत चार ओळी, त्याही चुकीच्या.

इथे आणखी एक गोष्ट समजावून सांगायला हवी. एखादी गोष्ट सगळीकडून काढायची असेल तर माणसं एकेक शोधत बसत नाहीत. तिचा नमुना एका यादीत घालतात. यादीत गेलं की यंत्र आपणहून त्याच्याशी जुळणारं सगळं पुसत जातं, नवीन कुणी टाकलं तरी टाकताक्षणी पुसतं. आता ते हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटोही वाचतं. पण नमुना चांगला लागतो. त्या चार चुकीच्या ओळींवर यंत्राला काही पकडता येईना, कारण प्रत्येकाची कविता वेगळी. मूळ शुद्ध कविता मिळाली की मात्र तिच्या मोडक्यातोडक्या नकलाही त्याला ओळखता येतात.

सकाळचे साडेदहा झाले असतील. तन्मय माझ्या टेबलाशी आला. "अक्का, एक हेल्प हवी होती. या पोएमचं ओरिजिनल टेक्स्टच मिळत नाहीये यार. कुठे प्रिंटच झालेली नाही. सगळी व्हर्जन्स डिफरंट आहेत. तुम्हाला काही आयडिया?"

मी त्याच्या हातातला कागद पाहिला. 'सांभाळण्यानं'. मला तो शब्द सहन होईना. मी म्हटलं, "हे चुकीचं आहे. पाळणा आहे तो, पाळणा."

"तुम्हाला पाठ आहे?"

"काना-मात्रेसकट."

आणि मी टंकली. उभ्या उभ्या, दोन मिनिटांत, स्वल्पविरामांसह. कडवी नीट सोडून. वर त्याला समजावूनही सांगितलं की शेवटच्या दोन ओळी बदलतात, त्या धरू नका, पण बाकी सगळं आणि 'हजर मी म्हणेन' पक्कं असतं. तो म्हणाला, "अक्का, यू आर अ लाइफसेव्हर!" आणि मला बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. चाळीस वर्षांनी एक शब्द विसरले नाही याचा मला अभिमान वाटला. गुरुजींची कविता निदान कुठेतरी शुद्ध लिहिली गेली, असं वाटलं. ती पूर्ण, बिनचूक अशी जगात पहिल्यांदा टाइप झाली ती पुसण्याच्या यादीसाठी, आणि टाइप करणारी मी. जशीच्या तशी, माझ्या दोन ओळींशिवाय. गुरुजींनी आधीच सांगितलं होतं याला किती मार्क.

मला कुणी धमकावलं नव्हतं. नोकरी जाईल असं कुणी म्हटलं नव्हतं. "आठवत नाही" एवढे दोन शब्द पुरले असते. लोक मला समजावतात, अक्का, तुम्ही तो मजकूर नसता दिला तर दुसऱ्या कुणी दिला असता. साफ खोटं. दुसऱ्या कुणाकडे तो नव्हताच. म्हणूनच तर तन्मय माझ्याकडे आला होता.

दुपारच्या जेवणापर्यंत रांगेतली हजेरी आटली. सकाळी शंभरदा दिसणारी कविता दिसेनाशी झाली. मी डबा उघडून बसले आणि काही जाईना.

तिसऱ्या दिवशी माझ्याकडे अपिलं आली. आपलं काढलेलं परत लावा, अशी विनंती करता येते, तिला अपील म्हणतात. पडद्यावर वहीच्या पानाचा फोटो आला. निळ्या शाईतलं अक्षर, 'ळ'ला उजवीकडे लांब शेपूट. त्या शेपटावरून तिसरीत गुरुजी तिला रोज बोलायचे. मंगलचंच अक्षर ते. ती आता गावात अंगणवाडी चालवते हे मला माहीत होतं. पानावर पूर्ण कविता होती, एकही शब्द न चुकता, आणि शेवटी:

तळ्यापाशी बसली होती तिघं, त्यांना शोधेन,
त्यांचं तोंड दिसेपर्यंत हजर मी म्हणेन.

अपिलाच्या चौकटीत तिनं लिहिलं होतं, 'ही आमच्या गुरुजींची कविता आहे. यात वाईट काय आहे ते दाखवा.'

नियम असा, की यादीतल्या गोष्टीचं अपील मान्य होत नाही. ओळखीचा माणूस असेल तर ते दुसऱ्याकडे द्यायचं, असाही नियम होता. तोसुद्धा मी वापरला नाही, कारण ओळख सांगावी लागली असती. मी 'अपील नामंजूर' दाबलं. उत्तर यंत्रच पाठवतं: 'आम्ही आपल्या मजकुराचा पुन्हा विचार केला आहे.' कुणी विचार केला? मी केला? मी एक बटण दाबलं आणि पुढचं उघडलं.

आठवड्याभरात मंगलला पकडल्याची बातमी आली, माझ्याच रांगेत, एका स्थानिक बातमीचा व्हिडिओ म्हणून. 'चिथावणीखोर कवितेची लेखिका ताब्यात.' लेखिका! मी तन्मयकडे गेले.

"हजारो लोकांनी टाकली होती. हिलाच का?"

तो दाराकडे बघून हळू बोलला. "अक्का, आदेशवाल्यांनी रिपोर्ट मागितला होता. फुल टेक्स्टशी हंड्रेड पर्सेंट मॅच होणारं सगळ्यात आधीचं अकाउंट कोणतं. ते लीगल डिपार्टमेंटनं दिलं. आपला काही रोल नाही त्यात."

"तो फुल टेक्स्ट कुणाचा होता?"

 चुकीची कविता टाकणारी हजारो माणसं सुटली होती. मला पाठ होती तशीच ती आणखी कुणाला पाठ असणार? त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेल्या बाईला. मी काढून दिलेल्या नमुन्यात मंगल सोडून दुसरं कुणी बसणारच नव्हतं. तेव्हा मला राग आला तो आजपर्यंत गेलेला नाही. आदेश काढणाऱ्यांचा, ज्यांना चार ओळी धड उतरवून घेता येत नाहीत पण माणूस उचलता येतो. त्या सहाव्या मजल्याचा, जिथे कुणाचाच कशात रोल नसतो. आणि सगळ्यात जास्त माझा.

त्या दिवसापासून मी काय केलं ते सांगते, पण त्यात शौर्य नाही. यादी आल्यावरही हजेरी मेली नव्हती. लोकांना कळलं होतं की ठरलेले शब्द पुसले जातात, मग त्यांनी ठरलेले शब्दच सोडून दिले. 'हजर'च्या जागी 'आलोय', 'इथंच आहे', 'हाय की मी'. पाटीच्या जागी रेशनकार्ड, मतदारयादी, कामगारांचं मस्टर. मूळ कवितेची एक ओळही उरली नाही आणि तरी प्रत्येक कविता तीच होती. यंत्राला ती सापडेना, म्हणून ती माणसांकडे, म्हणजे माझ्याकडे यायची. मी एकेक वाचायचे आणि 'राहू द्या' दाबायचे. तपासनिसानं चुका धरल्या. तीन आठवड्यांनी तन्मयनं मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि आवाज खाली ठेवून म्हणाला, "अक्का, तुमचा क्वालिटी स्कोअर बघा ना. मी किती कव्हर करू?"

"नको करूस," मी म्हटलं. "तू पुष्कळ केलंस."

ओळखपत्र ठेवलं आणि बाहेर पडले. बसला तोबा गर्दी. कंडक्टर रोजच्यासारखा ओरडला, "अक्का, स्वल्प मुंदे होगी!" मी पुढे सरकले. सहा वर्षांत एवढ्या आज्ञाधारकपणे मी पहिल्यांदाच पुढे सरकले असेन आणि त्याचाही मला राग आला.

मंगल जामिनावर सुटल्याचं कळलं तशी यशवंतपूरहून गाडी धरली आणि गाव गाठलं. सकाळची वेळ. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. अंगणवाडीतून तिला काढलं होतं, तिथल्या दाराला आता दुसऱ्याच बाईचं कुलूप होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. यादी, पाळणा, स्वल्पविराम, नामंजूर. बोलताना रडू आलं.

मंगलनं सूप खाली ठेवलं नाही. "रडायला आली असशील तर रडून घे. बस सुटायला अजून येळ हाय," ती म्हणाली.

मी पदराने डोळे पुसले.

"म्हंजे ते यंत्र नव्हतं. तू हुतीस."

"हो."

"मला वाटलं, कोण बाबा एवढं शुद्ध बोलणारं यंत्र. पोलीस कागद दाखवत हुता, बघ, हीच का तुझी कविता. एक काना चुकल्याला न्हवता. मला आत बसल्या बसल्या आनंद झाला गं शके, की कुणाला तरी पाठ हाय."  मग ती पुन्हा खडे वेचू लागली.

चहा तिनं दिला, पण बस म्हणाली नाही. मी आपणच पायरीवर बसले. तिनं तुरुंगातलं सांगितलं, कुणाकडे न बघता. तिथे रोज सकाळी बायकांची मोजणी होते. रांगेत बसायचं, आकडा म्हणायचा. मंगलनं दुसऱ्या दिवसापासून आकड्यानंतर हळू आवाजात हजेरी म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या बाईनं विचारलं, हे काय. तिनं शिकवलं. आणि गुरुजींचाच नियम लावला, शेवटच्या दोन ओळी ज्याच्या त्याने. कुणी लिहा-वाचायला येणारी नव्हती. एक चोरीच्या आरोपातली बाई, चार महिने कुणाशी बोललेली नव्हती. तिनं नवव्या दिवशी ओळी केल्या. मंगलनं त्या मला म्हणून दाखवल्या:

भिंतीपल्याड लेक माझी हाक मारल, ऐकेन,
दार उघडू दे न्हाईतर नको, हजर मी म्हणेन.

"त्या दिवशी ती मोजणीवाल्या बाईला म्हणाली, मला आकडा म्हणू नका, नाव घेऊन बोलवा," मंगल म्हणाली. "नाव काय घेतलं न्हाई त्यांनी. पण हिनं विचारलं तरी. त्याच्या आदी तिला कुणी विचारायला शिकवलंच न्हवतं."

मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या दोन ओळी आल्या काय गं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग ऱ्हावं दे. वकिलाचं ऐक. सरकार म्हणतंय कविता मीच केली, आत्ता केली, लोक पेटवायला. गुरुजी न्हाईत. वर्गातल्यांच्या दारात जाऊन आले मी. कुणालाच काय आठवंना झालंय. पोटाची भीती हाय, मी बोल लावत न्हाई. पण कोर्टात उभं राहून कुणीतरी सांगाय पायजे, की ही आमच्या शाळंतली जुनी कविता हाय, मलाबी पाठ हाय. तुला सांगता येतंय काय?"

येत होतं. पण साक्ष दिली की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही नोकरी कुठे करत होता आणि ही कविता शेवटची कधी लिहिलीत. उत्तर दिलं की कंपनीचा तो सही केलेला कागद बाहेर येणार. उत्तर दिलं की हेही जगजाहीर होणार, की शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला पकडून देणारा नमुना कुणी लिहिला. मंगलच्या वकिलांनी मला हे सगळं स्वच्छ सांगितलं आणि विचार करायला वेळ दिला. घरी आमचे हे म्हणाले, "तुझ्यावर केस झाली तर?" मुलाचा फोन आला, "आई, तू कशाला पडतेस यात? त्या मंगलमावशीनं तुला माफ केलं ना?"

तिनं मला माफ केलेलं नाही. बस सुटताना ती थांब्यावर आली नव्हती. आणि मी माफी मागायला कोर्टात जात नाहीये. मला चीड आहे, की एका गावातल्या चाळीस पोरांना पाठ असलेली कविता आज एकालाही आठवत नाही, आणि जिला आठवत होती तिनं ती चुकीच्या माणसाला, चुकीच्या सकाळी, का ते न विचारता म्हणून दाखवली. तीच आठवण आता योग्य जागी म्हणून दाखवायची आहे, एवढंच माझ्या हातात उरलं आहे.

हा लेख छापला गेला की तो सही केलेला कागद मी मोडला असं होईल. संपादकांना मी हे आधी सांगितलं. ते घाबरले, मग म्हणाले, "सरी, ठीक आहे अक्का, बघू." त्यांनी छापला असेल तरच तुम्ही हे वाचत आहात. त्यांचे आभार.

वकिलांनी सांगितलं आहे की पुढच्या तारखेला शिपाई दारात उभा राहून माझं नाव पुकारील. परवा भांडी घासताना ते मनात आलं आणि नळ चालू असतानाच ओळी आल्या. गुरुजींना द्यायला उशीर झाला. मंगलला अजून कळवल्या नाहीत, तिनं त्या कोर्टात ऐकाव्यात असं वाटतं. इथे लिहून ठेवते, म्हणजे त्या दिवशी मला ऐन वेळी आठवत नाही असं म्हणता येणार नाही:

ज्यांची नावं पुसली गेली ती मी पुन्हा लिहेन,
पुसणारी कोण, विचाराल तेव्हा हजर मी म्हणेन.